प्रावीण्याची रीती : मेडशीहून एक आक्षेप

१

इंग्रजीच्या प्रावीण्याची प्रमाणपत्रे देणाऱ्या परीक्षा हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकत नाही, अशी आपल्या विद्यापीठीय वर्तुळातली सर्वमान्य समजूत आहे. अशा परीक्षा म्हणजे प्रवेश आणि व्हिसा यांच्या कागदपत्रांचा एक भाग. त्यांचा विचार करायचाच तर तो भाषाशिक्षणाच्या तज्ज्ञांनी करावा, समीक्षकाने तेथे कशासाठी जावे, असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्या सोयीचीही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. चांगले बोलणे कोणते, सुसंगत लिहिणे कोणते, शब्दसंपत्ती कशाला म्हणावे, याविषयीचे निर्णय जेथे होतात तेथे काव्यशास्त्रच राबत असते. मग त्याला नाव कोणतेही दिलेले असो. हे निनावी काव्यशास्त्र आज आपल्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याविषयी जेवढे निर्णय करते, तेवढे आपण वर्गात शिकवतो ते भरतापासून देरिदापर्यंतचे सगळे शास्त्र मिळूनही करीत नाही.

या लेखनाला निमित्त झाले ते मेडशीच्या एका विद्यार्थिनीचे. मेडशी हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील, अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. ही विद्यार्थिनी मराठी माध्यमातून शिकली, पदव्युत्तर पदवी तिने चांगल्या रीतीने मिळविली आणि ब्रिटनमधील एका विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून आयईएलटीएस ही परीक्षा देण्यासाठी एसटीने अकोल्याला आणि तेथून रेल्वेने नागपूरला गेली. परीक्षेचे शुल्क सुमारे अठरा हजार रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजी ३१२ रुपये होती. म्हणजे एका वेळच्या परीक्षेला एका मजुराची जवळपास दोन महिन्यांची रोजी लागते. तिला एकूण सात गुण मिळाले, परंतु लेखनात सहा. विद्यापीठाची अट प्रत्येक कौशल्यात साडेसहाची होती. त्या अर्ध्या गुणाचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

२

आयईएलटीएसचे स्वरूप संशोधकांना ठाऊक असेल, तरी युक्तिवादासाठी ते सांगणे आवश्यक आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग. लेखनासाठी साठ मिनिटे, त्यात एक मजकूर किमान दीडशे शब्दांचा आणि दुसरा किमान अडीचशे शब्दांचा. संभाषण अकरा ते चौदा मिनिटांचे. त्यात एका टप्प्यावर परीक्षार्थीच्या हाती विषयाचे एक कार्ड दिले जाते, एक मिनिट विचाराला मिळते आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर होते : विषयाला दिलेला प्रतिसाद, सुसंगती व सुसंबद्धता, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकपणा. शून्य ते नऊ या श्रेणीत गुण मांडले जातात आणि प्रमाणपत्र दोन वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जाते.

हे निकष वाचताना आपल्या परंपरेतील अभ्यासकाला काही आठवायला हवे. दंडीने वैदर्भ मार्गाचे दहा गुण सांगितले. त्यांत प्रसाद आहे, अर्थव्यक्ती आहे, समता आहे. प्रावीण्याच्या परीक्षेचे निकष हे त्याच जातीचे गुणविवेचन होय. फरक इतकाच, की दंडी आपण एका मार्गाचे गुण सांगत आहोत हे जाणून होता. दुसराही मार्ग आहे हे तो त्याच ठिकाणी नोंदवतो. परीक्षेचे निकष मात्र आपण भाषेचेच गुण सांगत आहोत, असा आव आणतात. एका विशिष्ट गद्यप्रकाराची लक्षणे ते संपूर्ण भाषेची लक्षणे म्हणून मांडतात. तो गद्यप्रकार कोणता, तर प्रथम विधान, मग कारण, मग उदाहरण, मग निष्कर्ष, असा सरळ रेषेत चालणारा लघुनिबंध. हा प्रकार वाईट आहे असे मुळीच नाही. पण तो एक प्रकार आहे, हे विसरले की प्रकाराचे अज्ञान हे भाषेचे अज्ञान ठरते.

त्या विद्यार्थिनीच्या तयारीचे एक ध्वनिमुद्रण प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे. ज्या व्यक्तीविषयी आदर वाटतो तिच्याविषयी बोला, असा विषय होता. तिने आपल्या आजीविषयी बोलायचे ठरविले आणि सुरुवात केली ती १९७२ च्या दुष्काळापासून : खडी फोडायचे काम, सुकडीची पाकिटे, त्या वर्षी दावणीतून सोडून दिलेली गुरे. मग ती आजीकडे आली. तिचे इंग्रजी बिनचूक नव्हते, पण काय सांगायचे आहे ते तिला नेमके ठाऊक होते. दोन मिनिटे संपली तेव्हा आजी नुकतीच गोष्टीत शिरत होती. शिकवणीवर्गातील मार्गदर्शकाने तिला सांगितले, की उत्तर आधी द्या, गोष्ट नंतर. गोष्ट नाही सांगितली तरी चालेल. मार्गदर्शकाचा सल्ला परीक्षेच्या दृष्टीने बरोबर होता, आणि नेमकी तेथेच अडचण आहे. ज्या मुलीने कीर्तनात आधी अभंग, मग निरूपण, मग दृष्टान्त, आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगापाशी येणे ऐकले आहे, तिच्या बोलण्यात सुसंगती नसते असे नाही. ती वळसा घेऊन परत येणारी सुसंगती असते. परीक्षेच्या घड्याळाला हा वळसा परवडत नाही आणि म्हणून तो दोष ठरतो.

३

येथे वाशीमचा जुना संदर्भ आणणे हा स्थानिक अभिमानाचा भाग नव्हे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मात, आणि वैदर्भी रीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ हे जे नाव मिळाले तेही याच नगरावरून. ज्या प्रदेशाच्या नावाने एकेकाळी उत्तम रचनेची रीती ओळखली गेली, त्याच प्रदेशातील मुलीला आज सुसंबद्धतेत अर्धा गुण कमी पडतो, असे म्हणून हळहळणे सोपे आहे. परंतु त्यातून काही सिद्ध होत नाही. संस्कृत-प्राकृत काव्याची रीती ही काही मेडशीच्या रस्त्यावरची बोली नव्हती. महत्त्वाचा आहे तो रीतिविचारातील पुढचा वाद.

रीतींना देशांची नावे का, हा प्रश्न वामनापुढेही होता. त्या त्या देशांत त्या रीती आढळल्या म्हणून ती नावे पडली, एवढेच त्याचे उत्तर. देशामुळे काव्यात गुण येतो असे तो म्हणत नाही. दहाव्या-अकराव्या शतकातील कुंतकाने तर हे देशवाचक वर्गीकरणच नाकारले. देशावरून रीती ठरवायची तर देश असंख्य, म्हणून रीतीही असंख्य मानाव्या लागतील, हा त्याचा एक आक्षेप. दुसरा अधिक मार्मिक आहे. मामेबहिणीशी विवाह करणे हा एखाद्या देशाचा आचार असू शकतो, कारण तो वृद्धांच्या परंपरेने चालत येतो. काव्यरचना हा तसा देशाचार नव्हे, तिला शक्ती, व्युत्पत्ती आणि अभ्यास लागतात, आणि ही माणसाची असतात, भूमीची नव्हेत.

हा आक्षेप आजच्या प्रावीण्य-व्यवस्थेला जसाच्या तसा लागू पडतो. ब्रिटिश गृहखाते ज्या देशांच्या नागरिकांना इंग्रजी सिद्ध करण्यापासून सूट देते त्यांची एक यादी आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिच्यात आहेत, तसेच जमैका, गयाना आणि माल्टाही आहेत. माल्टातील बहुसंख्य लोकांची पहिली भाषा माल्टी आहे. भारत या यादीत नाही, जरी १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजीचा संघराज्याच्या कामकाजातील वापर चालू ठेवलेला आहे आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. एका बाजूला परीक्षा म्हणते, की मी व्यक्तीची शक्ती आणि अभ्यास मोजते. दुसऱ्या बाजूला कोणाची मोजायची हे मात्र देशावरून ठरते. काही ब्रिटिश विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीचे गुण ग्राह्य धरतात, पण तेथेही केंद्रीय मंडळे आणि राज्य मंडळे यांना वेगवेगळे माप लावण्याची पद्धत आढळते. म्हणजे देशाच्या आत पुन्हा देश. व्यक्तिनिष्ठ मापनाच्या आवरणाखाली भूगोल काम करतो, असे हे चित्र आहे.

४

प्रावीण्याची परीक्षा नेहमी अशीच होती असे नाही. केंब्रिजने १९१३ साली इंग्रजीच्या प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, ती मुख्यतः परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी. तीन परीक्षार्थी बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. ही परीक्षा सुमारे बारा तासांची होती. तिच्यात इंग्रजीतून फ्रेंच वा जर्मनमध्ये भाषांतर होते, उलट दिशेनेही भाषांतर होते, निबंध होता, ध्वनिविचार होता आणि इंग्रजी साहित्याची तीन तासांची प्रश्नपत्रिका होती. त्या परीक्षेची भलामण करण्याचा हेतू नाही; फ्रेंच आणि जर्मन एवढ्याच भाषा जगात आहेत असे मानणारी ती परीक्षा होती. परंतु एक गोष्ट तिला मान्य होती : समोर बसलेल्या माणसाजवळ आधीची एक भाषा आहे, आणि नवी भाषा येणे म्हणजे या दोहोंमध्ये ये-जा करता येणे. विसाव्या शतकाच्या ओघात भाषांतर आणि साहित्य दोन्ही प्रावीण्याच्या परीक्षांतून मागे पडत गेले. टोफेल १९६४ साली आली, आयईएलटीएस या नावाने १९८९ साली. दोहोंतही परीक्षार्थीच्या पहिल्या भाषेला जागा नाही.

या बदलाचे समर्थन सोयीच्या आधारे करता येईल. जगातील सर्व भाषांतून भाषांतराच्या प्रश्नपत्रिका काढणे कोणाला शक्य आहे? परंतु सोयीतून जे वगळले गेले ते कालांतराने अस्तित्वातच नसल्यासारखे झाले. मेडशीची ही मुलगी घरी वऱ्हाडी बोलते, वर्गात प्रमाण मराठी लिहिते, बाजारात आणि प्रवासात हिंदी वापरते. शेजारच्या तांड्यावरच्या तिच्या मैत्रिणीकडे गोरमाटीही असते. चार भाषांत वावरणाऱ्या या माणसांना एका भाषेतील अंक मिळतो आणि तेवढीच त्यांची भाषिक ओळख ठरते. एकच भाषा जाणणारा, पण सूट मिळालेल्या देशात जन्मलेला माणूस अंकाशिवाय पुढे जातो. १९३९ साली उजेडात आलेला विंध्यशक्ती दुसरा याचा वाशीम ताम्रपट ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हे विशेष खटकावे. त्या चौथ्या शतकातील राजपत्रात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. एकाच अधिकृत कागदावर दोन भाषा नांदू शकतात, हे वत्सगुल्माच्या दफ्तराला समजत होते.

१९१३ हेच वर्ष आणखी एका कारणाने आठवते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्यांच्याजवळ इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन मिळविलेली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी होती. टोफेल सुरू व्हायला अजून अर्धशतकाचा अवकाश होता. विद्यापीठाची पदवी हाच भाषेचा पुरावा होता. वासाहतिक काळातील विद्यापीठावर त्या काळी जेवढा विश्वास ठेवला जात होता, तेवढा स्वतंत्र भारतातील विद्यापीठावर ठेवला जात नाही, हे आपण कधी मोठ्याने म्हटले आहे काय? आणि हा विश्वास गेला त्यात आपला वाटा किती, हे विचारण्याची आपली तयारी आहे काय?

५

येथवर वाचून देशीवादाचा सोयीस्कर अर्थ लावणारे काही मित्र संतुष्ट होतील. त्यांना संतुष्ट करण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार नाही. इंग्रजीची परीक्षा ही गुलामगिरी, परदेशी विद्यापीठाची ओढ हे मानसिक दास्य, मुलीने आपल्या भाषेत आपल्या मातीत राहून काम करावे, असे सांगणाऱ्यांच्या घरांत त्याच परीक्षांची गुणपत्रके असतात. इंग्रजी ही कोणासाठी वाघिणीचे दूध होती आणि कोणासाठी गावकुसाबाहेर पडण्याची वाट होती, या दोन अनुभवांत फरक आहे. गावाने ज्यांना भाषेसकट बाहेर ठेवले त्यांना गावाची भाषा हेच घर, असे शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. या मुलीचा प्रश्न इंग्रजी कशाला, हा नव्हताच. माझे इंग्रजी कोणत्या मापाने मोजले, हा होता.

त्याचप्रमाणे परीक्षेच्या वस्तुनिष्ठतेचे गोडवे गाणाऱ्यांचेही समाधान होणार नाही. त्यांच्या बाजूत एक वजनदार मुद्दा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परीक्षक उत्तर तपासताना परीक्षार्थीची जात, आडनाव, महाविद्यालय पाहून गुण देत नाही. शिफारसपत्र देणारा आपला प्राध्यापक मात्र ते पाहू शकतो. शिफारशीच्या जगापेक्षा अंकाचे जग दुर्बलाला अधिक न्याय्य वाटले तर ते स्वाभाविक आहे. पण हा मुद्दा अंकाच्या बाजूचा कमी आणि आपल्या विरुद्धचा अधिक आहे. शिवाय अंकाची विश्वासार्हता गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्ये टोईक या इंग्रजी परीक्षेतील तोतयेगिरी २०१४ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने उघडकीस आणली. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने २०११ ते २०१४ या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या ५८,४५८ परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरविल्या आणि हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत अनेक भारतीय होते. आपण निर्दोष आहोत असे सांगत कित्येक जण वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरे झिजवीत राहिले आणि काहींना तेथे न्यायही मिळाला. २०१९ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या प्रकरणाचा अहवाल दिला. ज्या माणसाशी पाच मिनिटे बोलून त्याला इंग्रजी येते की नाही हे ठरले असते, त्याच्या बाबतीत यंत्रणा प्रमाणपत्राकडे पाहत राहिली. प्रमाणपत्र हे भाषेचे चिन्ह म्हणून आले आणि भाषेच्या जागी बसले. चिन्हमीमांसेच्या वर्गात आपण हेच शिकवतो, फक्त तेथे उदाहरण बहुधा फ्रान्समधले असते.

६

आता या लेखातील खरा आक्षेप. तो केंब्रिजवर नाही. तो आपल्यावर, मराठीच्या विभागांवर आहे.

या मुलीने आयुष्यातली पहिली भाषिक प्रावीण्याची परीक्षा नागपुरात दिली नाही. ती पहिलीच्या वर्गात, प्रमाण मराठीत दिली. ‘मी येऊन राहिली’ म्हटल्यावर वर्ग हसला, ‘मले’ आणि ‘तुले’ वहीत लाल झाले, ‘डोळे’चे ‘डोये’ झाले तेव्हा तिला चारचौघांत ते पुन्हा म्हणायला लावले गेले. ही परीक्षा दोन तास पंचेचाळीस मिनिटांची नव्हती, सतरा वर्षांची होती, आणि तिचे परीक्षक आपण होतो. वास्तविक ‘येऊन राहिलो’ या रचनेत चालू क्रियेचा जो स्पष्ट निर्देश आहे, त्याचा हात धरून इंग्रजीतील अपूर्ण काळ किती सहज शिकवता आला असता! तसे कोणी केले नाही, कारण ती रचना ज्ञान म्हणून कोणी मोजलीच नव्हती. परीक्षार्थीची आधीची भाषा पुसून टाकण्याचा जो आरोप आपण प्रावीण्याच्या परीक्षेवर करतो, तो गुन्हा तिच्याआधी आपण केलेला असतो. बोलीवर प्रबंध लिहून पदव्या घ्यायच्या आणि बोली बोलणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेतील गुण कापायचे, हा आपला दुहेरी व्यवहार आहे.

म्हणून मागण्या करायच्या त्या प्रथम स्वतःकडे. पदवीच्या मराठी आणि इंग्रजी अभ्यासक्रमांत दोन्ही दिशांच्या भाषांतराची सक्तीची प्रश्नपत्रिका असावी, आणि तिच्यात बोलीतील उताराही मूळ संहिता म्हणून यावा. लघुनिबंधाचा तो सरळ रेषेतील प्रकार आपणच, प्रकार म्हणून, त्याच्या मर्यादांसह शिकवावा. शिकवणीवर्गातील पैसे भरून मिळणारे ते गुपित राहू नये. आपल्या विद्यापीठांनी पदवीबरोबर भाषेविषयीचे असे विधान द्यावे, की ज्यावर बाहेरचा वाचक विश्वास ठेवू शकेल. आणि त्यासाठी आपले गुणदान आधी विश्वासार्ह करावे. शासनाकडेही एक मागणी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसाठी बिनशर्त प्रवेशपत्र हाती असावे लागते. बिनशर्त प्रवेशपत्रासाठी बहुधा भाषेचे प्रमाणपत्र आधी द्यावे लागते. म्हणजे शिष्यवृत्तीच्या दारापर्यंतचा खर्च, ज्याला तो झेपत नाही म्हणून शिष्यवृत्ती आहे, त्यानेच करायचा. परीक्षेचे शुल्क आगाऊ मिळाले पाहिजे, आणि एकदा नव्हे तर दोनदा.

ती विद्यार्थिनी पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी तिने आजीविषयी सरळ रेषेत लिहिण्याचा सराव केला होता आणि तिला साडेसहा गुण मिळाले. यात पराभव पाहण्याचे कारण नाही; एक रीती तिने आत्मसात केली, ती तिची कमाई आहे. फक्त ते अधिक इंग्रजी येऊ लागल्याचे प्रमाण आहे, असे कोणी म्हणू नये. दोन महिन्यांत तिचे इंग्रजी बदलले नव्हते. बदलली ती आजी गोष्टीत येण्याची जागा. दुष्काळ वगळून आजी सांगता येते, हे तिने शिकून घेतले. ते वगळलेले कोठे आणि कोणत्या भाषेत लिहायचे, याचे उत्तर मात्र तिला परीक्षा देऊ शकत नाही. ते देण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.